विश्लेषण : फेरारीचा घोडा नेमका कोणाचा? सचिनच्या गाडीपासून उल्हासनगरच्या बाजारापर्यंत...

पिवळ्या पार्श्वभूमीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा ओळखण्यासाठी फेरारी गाडी प्रत्यक्ष पाहिलेली असावी लागत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रिक्षाच्या काचेवर, दुचाकीच्या टाकीवर, टोप्या आणि टी-शर्टवर हा घोडा सहज नजरेस पडतो. खरी गाडी मात्र जगभरात मिळून वर्षाला १४ हजारांच्या आतच विकली जाते. गंमत म्हणजे हा घोडा मुळात फेरारीचा नव्हताच. दुसऱ्याकडून मिळालेल्या या चिन्हावर आज कंपनी डोळ्यांत तेल घालून पहारा देते. फेरारीचा इतिहास, तिच्या तऱ्हा, भारतात गाजलेले सचिन तेंडुलकरच्या गाडीचे सीमाशुल्क प्रकरण आणि कपड्यांवर घोडा छापणाऱ्या व्यापाऱ्याला कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

फेरारी कंपनीची सुरुवात कशी झाली?

एन्झो फेरारी यांचा जन्म १८९८ मध्ये इटलीतील मोडेना येथे झाला. वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता. १९१६ मध्ये वडील आणि थोरला भाऊ दोघेही गेले. पहिल्या महायुद्धात एन्झो सैन्यात भरती झाले, तेव्हा त्यांच्या वाट्याला काम आले ते तोफखान्याच्या खेचरांना नाल ठोकण्याचे. युद्धानंतर नोकरीसाठी त्यांनी तुरिन येथील फियाट कंपनीचे दार ठोठावले. तिथे नकार मिळाला. त्या दिवशी थंडीत तुरिनच्या व्हॅलेंटिनो बागेतील बाकावर बसून आपण रडलो होतो, असे त्यांनी पुढे आठवणींत नमूद केले आहे.

१९२० पासून ते अल्फा रोमिओसाठी शर्यतीत गाड्या चालवू लागले. १९२९ मध्ये त्यांनी 'स्कुदेरिया फेरारी' हा शर्यतीचा संघ स्थापन केला. स्कुदेरिया या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ घोड्यांची पागा. हा संघ स्वतःच्या नव्हे, तर अल्फा रोमिओच्या गाड्या शर्यतीत उतरवत असे. १९३९ मध्ये अल्फाशी फारकत झाली, ती चार वर्षे शर्यतीत स्वतःचे नाव वापरायचे नाही या अटीवर. त्यामुळे एन्झो यांनी तयार केलेल्या पहिल्या गाडीवर त्यांचे नावच नव्हते. युद्धकाळात कारखाना मोडेनाजवळच्या मारानेल्लो गावी हलवला गेला आणि १९४७ मध्ये तिथून '१२५ एस' ही फेरारी नावाची पहिली गाडी बाहेर पडली. त्याच वर्षी २५ मे रोजी तिने रोममधील शर्यत जिंकली. १९५० मध्ये फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धा सुरू झाल्यापासून प्रत्येक हंगामात उतरलेला फेरारी हा एकमेव संघ आहे.

बोधचिन्हातील घोडा कुठून आला?

फ्रान्चेस्को बाराक्का हे पहिल्या महायुद्धातील इटलीचे गाजलेले लढाऊ वैमानिक. ते मूळचे घोडदळातील अधिकारी. आपल्या विमानावर ते घोड्याचे चित्र रंगवत आणि हे चित्र त्यांच्या घोडदळाच्या पलटणीच्या चिन्हावरून आले, असे मानले जाते. जून १९१८ मध्ये बाराक्का मारले गेले. पाच वर्षांनी रॅव्हेन्नाजवळ एक शर्यत जिंकल्यानंतर एन्झो यांची बाराक्का यांच्या वडिलांशी आणि पुढे आईशी ओळख झाली. 'माझ्या मुलाचा घोडा तुमच्या गाडीवर लावा, तो शुभ ठरेल,' असे त्या माउलीने सुचवले, अशी हकिगत एन्झो सांगत. पार्श्वभूमीचा पिवळा रंग त्यांनी आपल्या मोडेना शहराचा घेतला. गाडीवर हा घोडा पहिल्यांदा झळकला तो १९३२ मध्ये, बेल्जियममधील स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत. आणि तीही गाडी अल्फा रोमिओचीच होती.

हा घोडा एकट्या फेरारीकडे राहिला असेही नाही. बाराक्का यांचे जन्मगाव लुगो. डुकाटी मोटारसायकलींचे नामवंत अभियंता फाबिओ तालियोनी हेही त्याच गावचे. त्यांच्या काही शर्यतीच्या मोटारसायकलींवरही हा घोडा लागला होता. पोर्शच्या चिन्हातील घोडा मात्र वेगळा. तो जर्मनीतील स्टुटगार्ट शहराच्या मानचिन्हातून आलेला आहे.

फेरारी म्हणजे लालच, हे कितपत खरे?

लाल हा फेरारीने निवडलेला रंग नव्हे. जुन्या काळी आंतरराष्ट्रीय शर्यतीत देशानुसार गाड्यांचे रंग ठरलेले असत : ब्रिटनचा हिरवा, फ्रान्सचा निळा, तर इटलीचा लाल. १९६४ मध्ये एका मॉडेलला शर्यतीसाठी मान्यता देण्यावरून एन्झो आणि इटलीची शर्यत संघटना यांच्यात बिनसले. संघटनेने पाठीशी उभे राहायला हवे होते, ती राहिली नाही, असा एन्झो यांचा राग होता. त्यांनी हंगामाच्या शेवटच्या दोन शर्यतींत, अमेरिका आणि मेक्सिकोत, आपल्या गाड्या निळ्या-पांढऱ्या रंगात उतरवल्या. जॉन सर्टीज त्या वर्षी जगज्जेते झाले ते या निळ्या-पांढऱ्या फेरारीत बसूनच.

एन्झो यांच्या स्वभावाच्या अशा अनेक कथा आहेत. ते कायम काळा चष्मा घालत, सही जांभळ्या शाईने करत, विमान आणि लिफ्ट टाळत. स्वतःच्या संघाच्या शर्यती पाहायलाही ते फारसे जात नसत. निकाल मारानेल्लोत बसून ऐकत. रस्त्यावरच्या गाड्या त्यांनी विकल्या त्या प्रामुख्याने शर्यतीचा खर्च भागवण्यासाठी. ट्रॅक्टर तयार करणारे फेरुच्चो लाम्बोर्गिनी यांनी आपल्या फेरारीच्या क्लचबद्दल तक्रार केली आणि एन्झो यांनी ती उडवून लावली, असे लाम्बोर्गिनी सांगत. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार कंपनी काढली. त्याच वर्षी अमेरिकेची फोर्ड कंपनी फेरारी विकत घेण्याच्या बेतात होती. शर्यतीचा कारभार आपल्या हातून जाणार हे लक्षात येताच एन्झो यांनी ऐन वेळी अंग काढून घेतले. फोर्डने मग स्वतःची गाडी बनवून १९६६ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथील शर्यतीत फेरारीला हरवले.

पैसे असूनही फेरारी का मिळत नाही?

बाजाराला हव्या असतील त्यापेक्षा एक गाडी कमी बनवायची, हे धोरण एन्झो यांच्या नावे सांगितले जाते आणि कंपनी आजही ते पाळते. २०२४ मध्ये फेरारीने १३ हजार ७५२ गाड्या ग्राहकांना दिल्या. मोठ्या मोटार कंपन्या एवढ्या गाड्या दोन-चार दिवसांत विकतात. तरीही त्या वर्षी फेरारीचे उत्पन्न सुमारे ६.७ अब्ज युरो, तर निव्वळ नफा दीड अब्ज युरोंहून अधिक होता.

मर्यादित संख्येच्या खास गाड्यांसाठी तर पैसे असणे ही केवळ पहिली पायरी असते. अशी गाडी कोणाला द्यायची हे कंपनी ठरवते. आधी किती फेरारी घेतल्या, त्या किती वर्षे सांभाळल्या, लगेच नफ्यात विकून टाकल्या का, हे सारे पाहिले जाते. 'लाफेरारी' हे मॉडेल ४९९ ग्राहकांपुरतेच होते. पाचशेवी गाडी बनवली ती २०१६ मध्ये मध्य इटलीतील भूकंपग्रस्तांसाठी लिलाव करण्यासाठी; तिला ७० लाख डॉलर मिळाले. २०२२ मध्ये चार दारांची उंच 'पुरोसांग्वे' आणतानाही तिचा वाटा एकूण विक्रीच्या एक पंचमांशापेक्षा वाढू द्यायचा नाही, असे कंपनीने आधीच जाहीर केले. दुर्मीळपणा टिकला तरच किंमत टिकते, हे यामागचे साधे गणित आहे.

फेरारीचा महाराष्ट्राशी काय संबंध?

हा संबंध फियाटमार्फत येतो. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून फियाटच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. मुंबईकरांच्या तोंडी रुळलेली 'फियाट', म्हणजेच पुढची प्रीमिअर पद्मिनी, ही फियाट ११०० मालिकेतील गाडी. कुर्ल्यात या गाड्या बनत असतानाच, १९६९ मध्ये, तिकडे इटलीत फियाटने फेरारीचा निम्मा हिस्सा विकत घेतला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या तरुणाला नोकरी नाकारली, त्याच्याच कंपनीत फियाट भागीदार झाली. १९८८ मध्ये एन्झो यांच्या निधनानंतर हा हिस्सा ९० टक्क्यांवर गेला. म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी आणि लाल फेरारी ही बराच काळ एकाच घराण्याची नावे होती. मुंबईत नोंदणी झालेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. फेरारी तोवर, २०१६ च्या सुरुवातीला, फियाटपासून वेगळी होऊन शेअर बाजारातील स्वतंत्र कंपनी झाली होती.

सचिनच्या फेरारीचा वाद काय होता?

२००१ मध्ये फियाटने भारतात 'पालिओ' ही गाडी आणली. तिच्या जाहिरातीचा चेहरा होता सचिन तेंडुलकर. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे सचिनने २९ वे कसोटी शतक झळकावून डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी साधली. त्याबद्दल फियाटने त्याला लाल रंगाची 'फेरारी ३६० मोडेना' भेट दिली. त्याच वर्षी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे फॉर्म्युला वन जगज्जेता मायकेल शूमाकर याच्या हस्ते हा सोहळा झाला.

गाडी भारतात आणायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला सीमाशुल्काचा. ही रक्कम सुमारे १ कोटी १३ लाख रुपये होती. खेळाडूला गाडी बक्षीस म्हणून मिळाली तर शुल्कात सवलत देण्याची तरतूद नियमांत होती. पण ही गाडी स्पर्धेतील बक्षीस नव्हती, कंपनीने दिलेली भेट होती. तरीही केंद्र सरकारने २००३ मध्ये शुल्क माफ केले. त्यावर टीकेची झोड उठली. देशासाठी एवढे करणाऱ्या खेळाडूला एवढी सवलत दिली तर बिघडले कुठे, असे एका बाजूचे म्हणणे होते. कोट्यवधींची कमाई असणाऱ्याला करमाफी आणि सामान्य माणसाला मात्र पै-पैचा हिशेब, हा कुठला न्याय, असा दुसऱ्या बाजूचा सवाल होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने केंद्राला नोटीस बजावली. त्यानंतर सचिनने शुल्क भरण्याची तयारी दाखवली आणि अखेर ती रक्कम फियाटने भरली.

या प्रकरणात कोणी गुन्हा केला नव्हता, कर चुकवलाही नव्हता. वाद होता तो 'बक्षीस' आणि 'भेट' या दोन शब्दांतील फरकाचा आणि तो फरक व्यक्ती पाहून पुसायचा का, याचा. २०११ मध्ये सचिनने ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. पुढच्याच वर्षी राजेश मापुसकर दिग्दर्शित 'फेरारी की सवारी' हा चित्रपट आला. मुलाला क्रिकेटच्या प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवता यावे म्हणून आरटीओतील एक प्रामाणिक कारकून सचिनची फेरारी काही वेळापुरती 'उचलतो', अशी त्याची कथा. ज्या गाडीवरून प्रामाणिकपणाची चर्चा झाली, तीच गाडी प्रामाणिक माणसाच्या गोष्टीच्या केंद्रस्थानी आली.

अशा गाडीवर कर किती लागतो?

२०२५ च्या अर्थसंकल्पात ४० हजार डॉलरपेक्षा महाग आयात गाड्यांवरील मूळ सीमाशुल्क ७० टक्क्यांपर्यंत खाली आणले गेले. पण सोबत ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावल्यामुळे एकूण बोजा ११० टक्केच राहिला. मोठ्या गाड्यांवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे आणि तो सीमाशुल्क धरून आलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे बंदरात १०० रुपयांना उतरलेली गाडी सीमाशुल्कानंतर २१० आणि जीएसटीनंतर २९४ रुपयांची होते. विक्रेत्याचा नफा आणि राज्याचा वाहन कर यानंतरचा. महाराष्ट्रात या वाहन कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली आहे. इटलीत ज्या किमतीला फेरारी मिळते, तिच्या कितीतरी पट किंमत भारतात मोजावी लागते ती यामुळे.

चिन्हासाठी फेरारी न्यायालयात का जाते?

गाड्यांपलीकडे प्रायोजकत्व, परवाने, कपडे, खेळणी यांतूनही फेरारीला मोठे उत्पन्न मिळते. शिवाय वापर सैल सोडला तर चिन्हावरचा हक्क कमकुवत होतो. म्हणून कंपनी छोट्या गोष्टीही सोडत नाही. १९८० च्या दशकात 'मायामी व्हाइस' या अमेरिकी मालिकेत नायक चालवत असलेली फेरारी नकली होती. दुसऱ्याच गाडीवर तो साज चढवलेला होता. फेरारीने नकल बनवणाऱ्याला न्यायालयात खेचले आणि मालिकेसाठी खऱ्या 'टेस्टारोसा' गाड्या दिल्या. अशाच नकली सांगाड्यांच्या दुसऱ्या प्रकरणात १९९१ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने गाडीचा आकारसुद्धा फेरारीची ओळख आहे, हे मान्य केले. २०१४ मध्ये डेडमाऊ५ या संगीतकाराने आपल्या फेरारीवर मांजराचे चित्र चढवून घोड्याच्या जागी मांजराचे चिन्ह लावले, तेव्हा स्वतःच्या मालकीच्या गाडीवरील ही सजावट त्याला कंपनीच्या नोटिशीनंतर काढावी लागली.

पण हाच नियम कंपनीवरही उलटला आहे. इटलीच्या एकीकरणाला १५० वर्षे झाल्याबद्दल २०११ च्या फॉर्म्युला वन गाडीला फेरारीने 'एफ१५०' नाव दिले. हे नाव आपल्या 'एफ-१५०' या मालवाहू गाडीशी मिळतेजुळते आहे म्हणत फोर्डने दावा ठोकला आणि फेरारीला नाव बदलावे लागले.

उल्हासनगरच्या बाजारासाठी याचा अर्थ काय?

फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हाताशी भांडवल नसताना जे खपेल ते बनवायचे, या जिद्दीवर इथला व्यापार उभा राहिला. त्यातूनच 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोदही जन्मला. इथली जीन्स आणि तयार कपडे आज दूरदूर जातात. विनोद जुना झाला, कायदा मात्र कडक झाला आहे.

व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह मालावर खोटेपणाने लावल्यास कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कलम १०४ मध्ये असा माल विकणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान कैद एक वर्षाची. पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी, निबंधकांचे मत घेऊन, वॉरंटशिवाय झडती व जप्ती करू शकतो. 'आम्ही गाड्या कुठे बनवतो, टी-शर्ट तर विकतो,' हा बचावही टिकत नाही. नामांकित चिन्ह वेगळ्याच प्रकारच्या मालावर वापरणे हाही कलम २९ नुसार भंग ठरू शकतो. आणि फेरारी तर स्वतःही कपडे विकते. शिलाई किंवा छपाईचे काम घेणाऱ्या छोट्या कारखानदाराने म्हणूनच ऑर्डर देणाऱ्याकडे चिन्हाच्या परवान्याची प्रत मागणे आवश्यक आहे. चिन्ह खोटे आहे हे माहीत नव्हते, असे म्हणायचे तर पुरेशी खबरदारी घेतली होती, हे दाखवावे लागते. छापा पडतो तेव्हा माल आणि यंत्रे सापडतात ती कारखान्यात. ऑर्डर देणारा बहुतेक वेळा तिथे नसतो.

दुसरा मार्ग तितकासा अवघड नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला स्वतःच्या चिन्हाच्या ऑनलाइन नोंदणीसाठी एका वर्गाचे शुल्क ४ हजार ५०० रुपये आहे. तयार कपडे २५ व्या वर्गात येतात. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. पलटणीचा घोडा वैमानिकाकडे आणि वैमानिकाचा घोडा शर्यतीच्या संघाकडे गेला, तेव्हा त्याला किंमत नव्हती. ती आली ती त्याखाली उभ्या राहिलेल्या मालामुळे. चांगली जीन्स शिवणाऱ्या कारागिराने दुसऱ्याच्या घोड्यावर बसून तुरुंगाची जोखीम घ्यायची की स्वतःच्या नावाला किंमत मिळवून द्यायची, हा प्रश्न फेरारीपेक्षा उल्हासनगरसाठी अधिक मोलाचा आहे.